मनगटावरचा एक बिंदू आणि पोटातली मळमळ : नेइग्वानवर किती विश्वास ठेवायचा?

आजच्या एपिसोडला दोन्ही हात मोकळे लागणार आहेत. त्यामुळे बाइक किंवा कार चालवत असाल तर आत्ता नुसतं ऐका, हाताचा प्रयोग घरी पोचल्यावर करा. बाकीच्यांनी फोन बाजूला ठेवा आणि डावा तळहात आकाशाकडे करा. हां, असाच.

आता मनगटावर बघा. तळवा जिथे संपतो तिथे आडव्या रेषा दिसतील. त्यातली मुख्य रेषा पकडा, म्हणजे मनगट वाकवल्यावर जिथे घडी पडते ती. त्या रेषेवर उजव्या हाताची तीन बोटं आडवी ठेवा. तर्जनी, मधलं बोट आणि अनामिका, एकमेकांना चिकटून. तिसरं बोट कोपराच्या दिशेला जिथे संपतं, तिथे हाताच्या बरोबर मध्यावर अंगठा टेकवा. मूठ हलकीशी आवळलीत तर त्वचेखाली दोन ताणलेल्या दोऱ्या जाणवतील. डॉक्टर त्यांना कंडरा म्हणतात. त्या दोन दोऱ्यांच्या मधला खळगा म्हणजे आजचा आपला विषय.

चिनी भाषेत याचं नाव नेइग्वान. नेइ म्हणजे आतला. ग्वान म्हणजे खिंडीतला नाका, सरहद्दीवरची वेस. थोडक्यात, आतला नाका. हाताच्या दुसऱ्या बाजूला, बरोबर याच्या पाठीमागे, वायग्वान आहे, म्हणजे बाहेरचा नाका. आंतरराष्ट्रीय यादीत नेइग्वानचा कोड आहे पीसी ६. पीसी म्हणजे पेरिकार्डियम, हृदयाभोवतीचं आवरण. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये ॲक्युपंक्चरच्या ३६१ बिंदूंच्या जागा प्रमाणित करून पुस्तक काढलं, त्यातला हा एक.

आता तुम्ही म्हणाल, ३६१ मधून हाच का? कारण गाडी लागते म्हणून घाटात मनगटाला पट्टा बांधणारे, गरोदरपणात मळमळ होते म्हणून इथे दाबणारे, आणि ‘छातीत दुखलं की इथे दाबा’ असे मेसेज फॉरवर्ड करणारे, सगळे याच बिंदूबद्दल बोलत असतात. यातल्या काही गोष्टींना बऱ्यापैकी आधार आहे, काहींना अर्धवट आहे, आणि एक गोष्ट जिवावर बेतू शकते. ती वेगळी करायची, हे आजचं काम.

आधी परंपरा काय म्हणते ते नीट ऐकून घेऊ. टीका नंतर.

‘ह्वांगदी नेइजिंग’ हा चिनी वैद्यकाचा मूळ ग्रंथ, साधारण दोन हजार वर्षांपूर्वीचा. त्याच्या ‘लिंगशू’ नावाच्या भागात नेइग्वानचा उल्लेख येतो. आणि गंमत म्हणजे तिथे सांगितलेली जागा आत्ता तुम्ही शोधलीत तीच आहे: मनगटापासून दोन त्सुन, दोन कंडरांच्या मध्ये.

हे त्सुन काय प्रकरण आहे? उच्चार करायला आपल्याला सोपा आहे. आपल्या ‘चुना’ शब्दातला च म्हणा, जवळपास तोच. त्सुन हे लांबीचं माप आहे, पण सेंटीमीटरसारखं पक्कं नाही. प्रत्येकाचा त्सुन वेगळा. तुमच्या अंगठ्याची सांध्यापाशी जेवढी रुंदी, तेवढा तुमचा एक त्सुन. तीन बोटं म्हणजे दोन, चार बोटं म्हणजे तीन. मनगटापासून कोपराच्या घडीपर्यंत बारा. म्हणजे सहा फुटी पैलवान असो की सहा वर्षांचं पोर, बिंदू हाताच्या त्याच प्रमाणात सापडतो. वेबसाइट बनवणाऱ्यांना हे लगेच कळेल. लांबी पिक्सेलमध्ये न देता टक्क्यांमध्ये दिली की पान कुठल्याही स्क्रीनवर बसतं, तसंच. आपल्याकडे आयुर्वेदातही ज्याचं शरीर त्याच्याच बोटांनी मोजायची पद्धत आहे. फक्त एक लक्षात ठेवा: आईच्या हातावर बिंदू शोधताना बोटं आईची हवीत, तुमची नाहीत.

परंपरेच्या हिशोबाने शरीरात ‘छी’ वाहते. याला कुणी ऊर्जा म्हणतं, कुणी प्राण. तिचे बारा मुख्य मार्ग आहेत. पेरिकार्डियमचा मार्ग छातीतून निघतो, दंडाच्या आणि हाताच्या आतल्या बाजूने मधोमध खाली येतो आणि मधल्या बोटाच्या टोकाला संपतो. या मार्गावर नऊ बिंदू, त्यातला सहावा आपला. पेरिकार्डियम म्हणजे हृदयाचा पहारेकरी असं ते मानतात. म्हणून नेइग्वान वापरतात छातीतल्या धडधडीला, छाती भरून आल्यासारखी वाटते तेव्हा, बेचैनीला, झोप न येण्याला. आणि सगळ्यात जास्त मळमळ, उलटी, उचकी यांना.

मळमळीचं त्यांचं स्पष्टीकरण आपल्या आजीला पटकन पटेल. पोटाची छी खाली जायला हवी, तो तिचा धर्म. ती उलटी फिरून वर चढली की मळमळ होते. आजी ‘वायू वर चढलाय’ म्हणते, त्याच्या शेजारचीच कल्पना. दोन्ही शास्त्रं वेगळी आहेत, पण चित्र डोळ्यापुढे सारखं उभं राहतं. नेइग्वान दाबला किंवा तिथे सुई दिली की वर चढलेली छी खाली उतरते, असं ते सांगतात.

आता छी दाखवणारं यंत्र कुणाकडे नाही. मग आपण काय करायचं? सोपं आहे. छी आहे की नाही हा वाद बाजूला ठेवायचा आणि सरळ विचारायचं: इथे दाबल्यावर उलट्या कमी होतात का? हो की नाही?

हा प्रश्न गांभीर्याने विचारणाऱ्यांत एक नाव महत्त्वाचं आहे. जॉन डंडी, उत्तर आयर्लंडमधल्या बेलफास्टच्या क्वीन्स युनिव्हर्सिटीत भूलशास्त्राचे प्राध्यापक. भूल उतरल्यावर पेशंटला उलट्या होतात हे भूलतज्ज्ञाचं रोजचं दुखणं. ऑपरेशन यशस्वी, टाके व्यवस्थित, आणि माणूस मात्र रात्रभर बादलीत डोकं घालून. डंडी आणि सहकाऱ्यांनी १९८६ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये निबंध छापला. छोट्या ऑपरेशनच्या पेशंटना नेइग्वानला सुई दिली आणि तुलनेसाठी इतरांना भलत्याच जागी दिली. नेइग्वानवाल्यांना त्रास कमी झाला.

पण मला त्यांचा यापेक्षा जास्त आवडलेला प्रयोग पुढचा आहे, १९९१ मध्ये छापलेला. त्यांनी नेइग्वानच्या जागी आधी बधिर करायचं इंजेक्शन दिलं, दाताच्या डॉक्टरकडे देतात तसं, आणि मग सुई टोचली. परिणाम गायब! याचा अर्थ काय? काही घडत असेल तर ते तिथल्या नसांमार्फत मेंदूपर्यंत जातंय. नस बंद, निरोप बंद. तुमच्या अंगठ्याखाली, त्या दोन दोऱ्यांच्या मध्ये थोडं खोलवर, मीडियन नर्व्ह नावाची मोठी नस जाते. जोरात दाबल्यावर अंगठ्यात, मधल्या बोटात मुंग्या आल्या तर तिलाच धक्का लागलाय असं समजा आणि जोर कमी करा.

एका माणसाचे प्रयोग पुरेसे नसतात, बरोबर? म्हणून सगळे प्रयोग गोळा करून एकत्र हिशोब मांडायचा. हे काम कॉक्रेन नावाची संस्था करते. हाँगकाँगच्या संशोधकांनी २०१५ मध्ये त्यांच्यासाठी नेइग्वानवरचा आढावा अद्ययावत केला: ५९ चाचण्या, ७,६६७ पेशंट. खोट्या उपचाराच्या तुलनेत मळमळीचा धोका साधारण ३२ टक्क्यांनी कमी, उलटीचा साधारण ४० टक्क्यांनी कमी.

टक्केवारी ऐकून हुरळून जायचं नाही, तिचा अर्थ लावायचा. समजा ऑपरेशननंतर १०० पैकी ३० जणांना मळमळ होणार होती. नेइग्वानमुळे ती साधारण २० जणांना होईल. दहा जण वाचले. वीस जणांना तरीही त्रास झालाच, आणि सत्तर जणांना तसाही होणार नव्हता. म्हणजे जादू नाही, पण फुकट आणि जवळपास निर्धोक उपायासाठी दहा जण ही चेष्टाही नाही. उलटीवरच्या नेहमीच्या औषधांशी तुलना केली तर दोघांत खास फरक दिसला नाही. आणि हेही त्याच आढाव्यात आहे: खोट्या उपचाराशी केलेल्या तुलनेत पुराव्याचा दर्जा कमी आहे. कारण मनगटावर पट्टा खरा आहे की खोटा हे पेशंटपासून लपवणं गोळी लपवण्याइतकं सोपं नसतं.

ऑपरेशननंतरची मळमळ ही झाली बिंदूची सगळ्यात भक्कम बाजू. आता इतर बाजू.

कॅन्सरच्या केमोथेरपीत मळमळ भयंकर होते. १९९७ मध्ये अमेरिकेच्या नॅशनल इन्स्टिट्यूट्स ऑफ हेल्थने तज्ज्ञांची बैठक घेतली. ऑपरेशन आणि केमोनंतरच्या उलट्यांसाठी ॲक्युपंक्चरचे निकाल आशादायक आहेत असं तिथे म्हटलं गेलं. सगळ्यांना वाटलं, चला, सुईऐवजी पट्टा बांधला की झालं. ब्रिटनमध्ये ५०० पेशंटवर मोठी चाचणी झाली, २०१३ मध्ये छापून आली. एका गटाला खरे पट्टे, एकाला खोटे, एकाला पट्टेच नाहीत. औषधं तिघांनाही. मळमळीत म्हणावा असा फरक सापडला नाही. बिंदू तोच, मनगट तेच, पण त्रास वेगळा आणि पद्धत वेगळी, त्यामुळे निकालही वेगळा. ‘पीसी ६ सिद्ध झालाय’ असं कुणी म्हटलं की म्हणून पहिला प्रश्न हा विचारायचा: कशासाठी? आणि कशाने, सुईने, बोटाने, विजेच्या यंत्राने, की पट्ट्याने?

गरोदरपणातली मळमळ: चाचण्या बऱ्याच झाल्यात, निकाल उलटसुलट आहेत. काहींत फायदा दिसतो, काहींत खोट्या पट्ट्याइतकाच. गाडी लागणं, बोट लागणं: इथेही तेच. तुमच्या मनगटावर उपयोग होत असेल तर वापरा, नुकसान नाही. पण वरंध घाटात पट्टा बांधून मागच्या सीटवर बसायचं, खाली मान घालून रील्स बघायच्या आणि मग पट्ट्याला शिव्या द्यायच्या, हे बरोबर नाही. पुढे बसा, नजर लांब रस्त्यावर ठेवा, निघताना पोट तुडुंब भरू नका. हे आधी, बिंदू नंतर.

दाबायचं कसं? अंगठ्याने, घट्ट पण दुखेल इतकं नाही, छोटे छोटे गोल फिरवत, दोन-तीन मिनिटं. मग दुसऱ्या हातावर. त्रास सुरू होण्याआधी सुरुवात केलेली बरी.

काहींना आत्ता दोन दोऱ्या सापडत नसतील. घाबरू नका. अंगठा आणि करंगळीची टोकं जुळवा आणि मनगट थोडं आत वाकवा. मधोमध उभी राहणारी दोरी म्हणजे पामारिस लाँगस. जगात ढोबळमानाने १५ टक्के लोकांना ती एका किंवा दोन्ही हातांत नसतेच. नसली तरी पकड वगैरे काही बिघडत नाही. अशांनी अंगठ्याच्या बाजूची जी दोरी ठळक दिसते, तिला लागून करंगळीच्या बाजूला बिंदू धरायचा.

कुठे दाबायचं नाही तेही सांगतो. डायलिसिससाठी हातात फिस्टुला केलेला असेल तर त्या हाताला दाब किंवा घट्ट पट्टा नको. स्तनाच्या कॅन्सरच्या ऑपरेशननंतर हात सुजत असेल तर तोही सोडा. जखम, पुरळ, फ्रॅक्चर असेल तर उघडच आहे. आणि सुई स्वतःची स्वतः कधीच नाही. खाली मोठी नस आहे, मगाशीच बोललो. व्हिडिओ बघून कोड शिकता येतो, सुई नाही. सुईच घ्यायची असेल तर महाराष्ट्रात ॲक्युपंक्चरसाठी वेगळा कायदा आणि परिषद आहे. समोरच्याची नोंदणी आहे का ते बिनधास्त विचारा, आणि सुया नवीन, एकदाच वापरायच्या आहेत ना, तेही बघा.

ॲक्युपंक्चर भारतात आलं कसं, यात आपल्या मातीचा एक धागा आहे. १९३८ मध्ये जपानशी लढणाऱ्या चीनच्या मदतीला भारतातून पाच डॉक्टर गेले. त्यांत सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस होते, नागपूरचे चोळकर होते आणि बंगालचे विजयकुमार बसू होते. कोटणीस १९४२ मध्ये तिथेच गेले, वय फक्त ३२. बसू परतले. पुढे पन्नासच्या दशकाच्या शेवटी ते पुन्हा चीनला गेले, ॲक्युपंक्चर शिकले आणि कोलकात्यात त्याची सुरुवात केली. म्हणजे ही विद्या इथे आणली ती एका ॲलोपॅथीच्या डॉक्टरने. त्याला एक सोडून दुसरं धरावं लागलं नाही, हे मला महत्त्वाचं वाटतं.

आता ती जिवावर बेतणारी गोष्ट.

परंपरेत नेइग्वान छातीच्या तक्रारींसाठीही वापरतात, हे आपण बघितलं. त्यावरून फॉरवर्ड तयार होतात: हार्ट ॲटॅक आला तर मनगटावर इथे दाबा. मंडळी, हृदयाची रक्तवाहिनी बंद झाल्यावर हृदयाचा स्नायू मरायला लागतो. मिनिटामिनिटाला मरतो. तिथे वाहिनी उघडणं हा उपाय आहे, आणि तो हॉस्पिटलमध्येच होतो. मनगट दाबून ती उघडते असा पुरावा नाही.

आणि यातला खरा सापळा वेगळाच आहे. हार्ट ॲटॅकमध्ये मळमळ आणि उलटी होऊ शकते! छातीवर कुणी बसल्यासारखा दाब, दरदरून घाम, दुखणं डाव्या हातात किंवा जबड्यात जाणं, सोबत मळमळ. बायकांमध्ये, म्हाताऱ्या माणसांत, डायबेटिस असलेल्यांत कधीकधी छातीत फारसं दुखतही नाही. नुसती धाप, घाम, पोटात ढवळणं. घरात काय म्हणतात? ‘पित्त झालंय.’ मग आलं-लिंबू होतं, सोडा होतो, कुणीतरी मनगट दाबत बसतं. मळमळ थोडी कमीही होते. आणि तेवढ्यात तास निघून जातो.

मी सर्व्हरवर काम करतो, म्हणून माझ्या भाषेत सांगतो. मळमळ हा अलर्ट आहे. नेइग्वान म्हणजे अलर्टचा आवाज कमी करायचं बटण. भूल दिल्यामुळे, घाटामुळे अलर्ट वाजतोय हे माहीत असेल तर आवाज खुशाल कमी करा, सुखाने झोपा. पण अलर्ट का वाजतोय हेच माहीत नसेल, तर आधी कारण शोधायचं.

तर लक्षात ठेवा. छातीत दाब, घाम, धाप यांच्यासोबत मळमळ: १०८ लावा, लगेच. डोक्याला मार लागल्यावर उलट्या: हॉस्पिटल. उलटीत रक्त, किंवा पोटात असह्य दुखणं: हॉस्पिटल. पावसाळ्यात ताप येऊन गेला आणि उलट्या थांबत नाहीत: डेंग्यूत हे धोक्याचं चिन्ह मानतात, डॉक्टर गाठा. गरोदर बाईच्या पोटात पाणीसुद्धा टिकत नाही, लघवी कमी झाली: ‘होतंच असं’ म्हणून घरी ठेवू नका. लहान मूल उलट्यांनी मलूल पडलं: थांबू नका.

हा एपिसोड घरच्या ग्रुपवर टाकणार असाल तर एक विनंती. मनगटाच्या फोटोसोबत ही यादीही टाका. बिंदू लोकांना आवडतो, यादी कुणाला आवडत नाही, म्हणून ती आधी टाका.

नेइग्वान छोटं काम चांगलं करतो. ऑपरेशन ठरलं असेल तर भूलतज्ज्ञांना आधीच विचारा, ‘मला उलट्यांचा त्रास होतो, औषधासोबत मनगटाच्या बिंदूचं काही करता येईल का?’ प्रश्न अजिबात वेडगळ नाही, त्यावर तीसहून जास्त वर्षं अभ्यास झालाय.

चला, आता हात खाली घ्या, दुखायला लागला असेल. कुणाला पामारिस लाँगस सापडली नाही ते कमेंटमध्ये कळवा, बघू आपल्यात किती जण निघतात. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. काळजी घ्या!